हॅलोकाकूंची चौकशी

हॅलोकाकूंचं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेलं. तिथला नियम कडक होता. दोन्हीकडून ‘हॅलो’ आलं की ‘बोला’ म्हणायचं आणि हेडफोन कानावरून बाजूला करायचा. त्यामुळे काकूंना हजारो गोष्टींची सुरुवात ठाऊक होती, शेवट एकीचाही नाही. असं उपाशी ठेवलेलं कुतूहल निवृत्तीनंतर गप्प बसतंय थोडंच! काकू सार्वजनिक बागेत स्वयंसेवक मार्गदर्शक झाल्या. हिरवं जाकीट चढवून फाटकाजवळच्या मोठ्या नकाशापाशी उभ्या राहायच्या आणि तळं कुठे, काचघर कुठे हे सांगता सांगता येणाऱ्याची कुंडलीच मांडायच्या. कुठून आलात, एकट्याच का, डोळे का सुजलेत?

तक्रारी आल्या. बागेच्या साहेबांनी बजावलं की मार्गदर्शकानं सांगायचं, विचारायचं नाही. आणखी एक तक्रार आली तर जाकीट परत. घरी सून म्हणाली की जित्याची खोड काही जायची नाही. काकू चिडल्या, पण घाबरल्याही. त्या जाकिटाशिवाय सकाळी घराबाहेर पडायला त्यांच्याकडे दुसरं कारणच नव्हतं. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

आणि नेमके त्याच आठवड्यात एक गृहस्थ उगवले. हातात दुधाची पिशवी. रोज नकाशापुढे उभे राहायचे, फाटकापासून बोट फिरवत कधी तळ्यावरून, कधी बांबूच्या वाटेनं मागच्या दारापर्यंत जायचे, ओठांत काहीतरी घोकायचे आणि आल्या पावली परत. बागेत एक पाऊल नाही. काकूंचा जीव कासावीस झाला. कुणाशी पैज लावलीय? आत कुणी नकोसं माणूस बसतं? सून म्हणाली, वेडसर असतील. पण इस्त्रीचा शर्ट आणि सारखं घड्याळाकडे लक्ष, हे काही वेड्याचं लक्षण नव्हे. आज काचघर उघडं आहे, असं काकूंनी एकदा हवेत सांगून पाहिलं. गृहस्थांनी मान डोलावली, तेही घोकलं आणि गेले.

एके दिवशी मात्र त्यांनीच विचारलं, "ताई, तळ्याकाठच्या बाकावर या वेळी ऊन असतं की सावली?"

उत्तर देऊन गप्प बसायला हवं होतं. काकूंना ते जमलं नाही.

"सावली असते. पण तुम्ही आत का जात नाही? साहेबांकडे तक्रार करायची तर करा, मला कळल्याशिवाय राहवत नाही."

गृहस्थ ओशाळले. नव्या घरी राहायला आले आणि लगेच पत्नीचं कंबरेचं हाड मोडलं. जवळच एवढी बाग, तिनं पाहिलेलीच नाही. बाग फिरून या आणि मला सांगा, असा तिचा धोशा. पण औषधानं तिचा डोळा लागला की ते दूध आणायला धावत सुटायचे, तिला जाग यायच्या आत परत. मग नकाशावरच्या वाटा फिरून आल्यासारख्या सांगायच्या. काल तिनं सावलीचं विचारलं आणि ते अडकले. आज खरं काय ते सांगून टाकतो, म्हणाले. काकूंनी घरचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तळ्याकाठून फोन लावला. पलीकडून गृहस्थांच्या पत्नीचं "हॅलो" आलं. काकू सवयीनं "बोला" म्हणाल्या आणि फोन कानावरून बाजूला धरून उभ्या राहिल्या. जरा वेळानं लक्षात आलं की जोडून द्यायला दुसरं कुणी नाहीच. दुसरं टोक त्याच होत्या.

बाई चौकशीत काकूंच्या वरताण निघाल्या. पाणी हिरवं की काळं, बाकाची फळी मोडकी का, पलीकडे बसलेलं जोडपं भांडतंय का? काकू चालत राहिल्या, सांगत राहिल्या. समोरून साहेब आले तेव्हा, सांगतेय हो, विचारत नाहीये, अशी त्यांनी हातानंच खूण केली.

मागच्या दाराशी बाग संपली. काकू फोन ठेवणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "बाग कळली. आता तुमचं सांगा. तुम्ही का येता रोज तिथे?"

काकू गांगरल्या. जन्मभर लाइन जोडून दिल्या, पण त्यांच्यासाठी लाइनवर कुणी थांबलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"लांबण लागेल," त्या म्हणाल्या. "वेळ आहे ना तुम्हाला?"

"मी कुठे जातेय?" बाई म्हणाल्या.

काकू मागे वळल्या, तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.