ज्या संध्याकाळी भिंत तशीच राहिली

मागणं ही गोष्ट आमच्या घरात बसत नव्हती. वडील सभांमध्ये चळवळीच्या पुस्तिका विकत. त्या वाचतच मी मोठी झाले. विहारात वंदना म्हणायचे ती शिस्त म्हणून. कुणापुढे हात जोडून मागणं मला दुबळेपणाचं वाटे. गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून जे घडलं, त्यानंतर मात्र माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही.

दिघाशीजवळच्या आमच्या वस्तीत विहारामागे अभ्यासिका बांधायची होती. त्यासाठी परदेशातून आठ तरुण स्वयंसेवक आले. आमच्यातली तेवढीच मुलंमुली त्यांच्यासोबत राबू लागली, आणि त्या गटाची जबाबदारी माझ्याकडे होती. गवंडी होते आमच्या वस्तीतले दामूकाका. पाहुण्यांनी दिवसभर रचलेली भिंत वाकडीच व्हायची. संध्याकाळी ते वज्रेश्वरीला मुक्कामावर गेले, की सिमेंटचा माल सुकायच्या आत काका त्या विटा काढून, ओळंब्याची दोरी सोडून पुन्हा सरळ रेषेत लावायचे.

"त्यांना कशाला सांगाचा? पोरा लांबून आल्यात, खुशीत हायेत," काका म्हणायचे.

"हा खोटेपणा आहे, काका. गोरे आहेत म्हणून झाकायचं?"

"भाषण नंतर कर. आदी पाटी उचल."

आमची मुलं हसली. मला राग आला. तिसऱ्या आठवड्यात, भिंत छातीपर्यंत आली असताना, मी काकांना थांबवलं. पाहुण्यांची भिंत त्यांनी रचली तशीच राहू दे, म्हटलं. काकांनी ओळंबा गुंडाळला आणि ते घरी गेले. पाहुण्यांनाही मी काही सांगितलं नाही. याला मी तत्त्व म्हणत होते. खरं तर उद्घाटनाच्या दिवशी ती वाकडी भिंत चारचौघांत दिसावी, तिच्यापुढे फोटो काढणाऱ्या पाहुण्यांची फजिती व्हावी, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी विटा चढल्या आणि दुपारी ती भिंत लेनाच्या पायावर कोसळली. लेना जर्मनीची, माझ्याच वयाची.

रुग्णवाहिका वाडा गावाकडच्या रस्त्यावर अडकलेली. लेनाला फळीवर घालून आम्ही सडकेपर्यंत नेलं. गाड्या वेग कमी करून बघत आणि निघून जात. मग सुताच्या गोण्या भरलेला एक टेम्पो थांबला. पांढऱ्या दाढीचा चालक उतरला, गोण्या सरकवून त्याने जागा केली. "रोना बाद में, बेटी. पहले पैर सीधा पकड़," तो मला म्हणाला. मी पकडला.

भिवंडीपर्यंत लेनाचा श्वास मधेच अडकायचा. माझ्या तोंडून 'बुद्धं सरणं गच्छामि' निघालं. शेकडो वेळा म्हटलेली ओळ. पण त्या दिवशी माझ्याकडे धरायला दुसरं काही नव्हतं. हळूहळू तिचा श्वास त्या ओळीबरोबर चालू लागला. कसा, ते मला सांगता येत नाही. दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी मागे वळले, तर टेम्पो गेलेला होता. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता. पाय वाचला, पण घोटा आता वळणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी लेनाला सगळं सांगितलं. फजितीचा हेतूसुद्धा. 

"आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "रोज सकाळी भिंत सरळ झालेली असायची. आम्ही हसायचो. त्या सकाळी मात्र कुणी हात लावलेला नव्हता. आम्हाला वाटलं, शेवटी आम्हाला सरळ भिंत जमली. मी आईला फोटो पाठवला."

तिच्या रागाला द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार होती. ती रागावलीच नाही. मी खाटेच्या कडेला डोकं टेकवलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी निघाले तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, "उद्या येशील?"

मी रोज गेले. पुढे ती कुबड्या घेऊन मायदेशी परतली, शिबिर बंद पडलं, अभ्यासिकेवर अजून छप्पर नाही. आपणच बरोबर आहोत या हट्टाची मूठ उघडल्याशिवाय शरण जाता येत नाही, हे मला कळलं, पण ते दुसऱ्या कुणाच्या पायाच्या मोलाने. तो टेम्पोवाला, तो चालू राहिलेला श्वास, तिचा तो प्रश्न, यांतलं काहीही मी मागितलं नव्हतं. त्यांचे आभार मानायचीही मला लाज वाटते. तरी रोज मानते.