लिलाबाईंचा चौकड्यांचा रुमाल

पहूरच्या एका शाळेत लिलाबाईंनी अठ्ठावीस वर्षं शिपायाची नोकरी केली आणि अठ्ठावीस वर्षं जळगावहून एसटीने अप-डाउन केलं. शाळेत त्या काय शिकल्या ते शाळेला माहीत. एसटीत मात्र एक विद्या पक्की शिकल्या. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल टाकायचा आणि मग करवलीसारखं सावकाश आत शिरायचं. त्या जागेवर कोणी टेकायला लागलं की आवाज यायचा, "आठे माणूस शे!" माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे हक्काची गोष्ट त्या अहिराणीतच बोलायच्या. 'इथे माणूस आहे' असं शुद्ध भाषेत सांगितलं तर समोरचा विचारतो, कुठे आहे? अहिराणीत सांगितलं की विचारत नाही.

ही विद्या उपजतच असावी. त्यांच्या लग्नात परतीच्या गाडीत वऱ्हाडी इतके झाले की नवरदेव देवचंदच उभे राहिले. नवरीने पांढऱ्या साडीचा पदर सावरत शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. मामेसासरे बसायला आले, तर सासरच्या माणसांपुढे तिने उच्चारलेलं पहिलं वाक्य हेच. देवचंदभाऊ अजून सांगतात, "संसारात मला बसायला मिळालं ते तेवढंच."

निवृत्तीनंतर त्या विहारात, पंगतीत, डोळ्यांच्या शिबिरात जागा धरू लागल्या. पिंप्राळ्याच्या गल्लीतल्या सुना हसायच्या. "अक्का, स्मशानातही एक धरून ठेवा."

"तुझ्या सासूसाठी धरेल शे," अक्का म्हणायच्या.

समोरच्या घरातली समीक्षा मात्र या थट्टेत नसायची. ती जायची त्या क्लासच्या सरांनी तिच्यावर हात टाकला होता, आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोरीने स्वतः जाऊन तक्रार लिहून दिली होती. गल्लीने तेव्हा गल्ली करते तेच केलं. दारं लोटून घेतली आणि लोटलेल्या दाराआड बोलली. लिलाबाईही बोलल्या. ते त्यांना नंतर फार लागलं.

दीड वर्षाने साक्षीची तारीख आली. समीक्षा आईबरोबर कोर्टाच्या जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. साक्ष बंद दाराआड होणार होती, त्याची तिला भीती नव्हती. भीती होती दाराबाहेरच्या बाकड्याची. सरांचे सहा नातेवाईक त्यावर पाय पसरून बसले होते आणि त्यातला एक गोड आवाजात म्हणाला होता, "ये बेटा, बस आमच्यात."

"मी आता नाही जाणार," समीक्षाने सांगून टाकलं. पुढच्या तारखेलाही ती गेली नाही तर केस ढिली पडेल, असं वकिलीणबाईंनी बजावलं होतं. तिची आई रडतच लिलाबाईंकडे आली. सगळं ऐकून लिलाबाईंनी विचारलं, "बाकडं केवढं शे?"

आई गांगरली. "असेल सात-आठ माणसांचं."

"आणि कोर्ट किती वाजता उघडतं?"

मग त्या समीक्षासमोर जाऊन बसल्या. "तू ये असं मी म्हणत नाही, बाय. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी जागा धरून ठेवते. रिकामी राहिली तरी माझं काही जात नाही."

तारखेला गल्लीतल्या बेबाबाई, सुगंधाबाई, दिपमाला आणि आणखी दोघी तयार झाल्या. बेबाबाईंना धास्ती. "अक्का, कोर्टात मी काय बोलू?"

"काही नाही. फक्त बसायचं."

"त्याला मीच कशाला?"

"तुझं शरीर पाहूनच नेते," लिलाबाई म्हणाल्या. "आणि ऐका, केसचा एक शब्द काढायचा नाही. पोरीला काही विचारायचं नाही. मेथीचं बोला."

झाडूवाला व्हरांडा झाडत होता तेव्हाच सगळं बाकडं भरलं. मधे एक जागा, तिच्यावर चौकड्यांचा रुमाल. नातेवाईक आले. "बाई, जरा सरका." बेबाबाईंनी मनापासून सरकायचा प्रयत्न केला आणि आणखी पसरल्या.

"ही तर रिकामीच आहे!"

"आठे माणूस शे."

आवाजाने महिला पोलीस आली. "तुम्ही मुलीच्या कोण?"

लिलाबाईंनी विचार केला. नात्यात काही बसेना. "समोरच्या," त्या म्हणाल्या.

"बसा. पण आवाज हळू." तेवढंच काय ते अवघड होतं.

अकरा वाजले. साडेअकरा झाले. भिंतीला टेकून उभे असलेले नातेवाईक रुमालाकडे बघून हसायला लागले. धरलेल्या जागेवर माणूस आलं नाही, असं अठ्ठावीस वर्षांत झालं नव्हतं. लिलाबाईंनी रुमालाची घडी पुन्हा नीट केली.

आणि जिन्यावर समीक्षा दिसली, मागे आई. तिने आधी बाकड्याकडे पाहिलं. लिलाबाईंनी रुमाल उचलला. ती बेबाबाईंच्या अंगाला अंग लावून बसली. कोणी काही विचारलं नाही. "यंदा मेथी कडूच निघते," सुगंधाबाई म्हणाल्या.

पुकारा झाला. ती आत गेली, दार लागलं. लगेच एक नातेवाईक पुढे सरसावला, तोच जागेवर रुमाल पडला.

"अहो, ती तर आत गेली!"

"आत गयी शे. आते येई परत."

दोन तासांनी ती बाहेर आली. तोंड पांढरंफटक, पण मान सरळ. "सगळं सांगितलं," एवढंच म्हणाली, रुमाल उचलून बसली आणि त्यानेच तोंड पुसलं. रिक्षातून घरी येईपर्यंत तो तिच्याच मुठीत होता. लिलाबाईंनी मागितला नाही.

निकाल अजून लागायचा आहे. पण मध्यंतरी मेहरूणहून एका आईचा फोन आला, गुरुवारी मुलीची साक्ष आहे, बाकड्याचं जमेल का? लिलाबाई समोरच्या दारात गेल्या. "रुमाल शे का माझा?"

समीक्षाने धुऊन इस्त्री केलेला रुमाल आणला, पण सोडेना. "अक्का, मीपण बसायला येऊ?"

लिलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फार बारीक शेस तू. बाकड्यावर काही उपयोगाची नाहीस," त्या म्हणाल्या. "पण ये."