गुरुवारचं इंजेक्शन

भाग्यश्री मूळची अकोल्याची. इंजिनिअर होऊन पुण्यात आली, कंपनीत नोकरीला लागली आणि कोथरूडला आमच्या शेजारचा फ्लॅट घेतला. रोज सकाळी स्कूटीवर बसायच्या आधी घराची किल्ली माझ्या हातात. "अभिनव कुठेही विसरतो, काकू," असं नवऱ्यावर ढकलायची. विसरायची स्वतः.

लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नव्हतं. इंजेक्शनं घेऊन घेऊन पोटावर निळे डाग पडलेले. २००९ साली उपचारांची ती तिसरी खेप, आणि डॉक्टरांनी शेवटची म्हणून सांगितलेली. त्यात एक इंजेक्शन मुख्य. ते ठरल्या वेळेलाच टोचायचं, म्हणजे स्त्रीबीजं पिकतात, आणि दीड दिवसानं डॉक्टर ती काढून घेतात. ते तिनं माझ्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं, कारण तिच्या सासूबाई अकोल्याहून मुक्कामाला आल्या होत्या.

"त्यांना दिसलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या अकोल्याला कळेल."

"ठेव इथं. तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीय मी, बटाटे नाही विकले."

इंजेक्शन गुरुवारी संध्याकाळी होतं. आणि गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. औषध तापेल म्हणून मी बुधवारीच ते बर्फाच्या कप्प्यात सरकवलं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा कोण शोधणार! गुरुवारी पाचला वीज आली, तसं पुन्हा खाली ठेवलं. सातला ती घेऊन गेली.

शनिवारी एकही बीज हाती लागलं नाही. औषध लागूच पडलं नव्हतं.

"डॉक्टर विचारत होते, गोठलं होतं का म्हणून," माझ्याच सोफ्यावर बसून ती सांगत होती. डोळे सुजलेले. "म्हटलं, छे! आमच्या काकूंकडे होतं."

मी सांगून टाकलं. सगळं.

ती उठली. माझा फ्रिज उघडून तिनं बर्फाच्या कप्प्यात हात घातला.

"इथं?"

"हो."

"रात्रभर?"

"हो गं."

दार तिनं हळूच लावलं. "सासूबाईंना बोलू नका, काकू. उगाच तुम्हाला काहीतरी बोलतील."

सासूबाई रविवारी गेल्या. सोमवारी सकाळी शेजारचं कुलूप लावल्याचा आवाज आला, आणि मी सवयीनं दार उघडून उभी राहिले. जिन्यात कोणी नव्हतं. खाली स्कूटी सुरू झाली. किल्ली ती बरोबर घेऊन गेली होती.