आठ नंबरचा शर्ट

युक्रेनच्या एका फुटबॉलपटूची घरच्या माणसासारखी काळजी करणारा आमच्या शहापूर-मुरबाड भागात एकच गृहस्थ आहे. तो सापगावात राहतो, वय बहात्तर, माझा शाळेपासूनचा मित्र. तो खेळाडू मधल्या फळीतला. स्वतः गोल क्वचितच मारतो, दुसऱ्यांना चेंडू पुरवतो. "गोल मारणारा पेपरात येतो रे, देणारा नाय येत. मंग त्याच्याकडं कोणी बघाचा?" असं मित्राचं म्हणणं. वहिनी सगळ्यांना सांगतात, "दोन लेक भिवंडीत हायेत, तिसरा युक्रेनात."

तो पोरगा आपल्या गावचा क्लब सोडून परदेशातल्या मोठ्या क्लबात गेला तेव्हा मित्र लेक सासरी धाडल्यासारखा हळवा झाला होता. "तिकडची माणसं बरी हायेत ना?" हे त्याने मला चारदा विचारलं, जणू मी जाऊन आलो होतो. पोराचा गुडघा दुखावला तर हा स्वतःच्या गुडघ्याला तेल चोळत महिनाभर लंगडला. पुढे तिथल्या प्रशिक्षकाने पोराला बाकावर बसवून ठेवलं, त्याला याने भातलावणी करताना शिव्या घातल्या. आता युद्धात तो मायदेशी परतून खेळतो. तिकडे सामन्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की खेळाडू तळघरात जातात. इकडे हा मोबाइल घेऊन घरात शिरतो, दार लावतो आणि खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत जेवत नाही.

म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना लोक दात बघतात. हा बघतो, पाऊल टाकण्याआधी बैल मान वळवतो का. "चेंडू यायच्या आधी बघतो तोच खरा." अशा पारखीने घेतलेल्या बैलाने अख्खा पावसाळा इकडेतिकडे बघण्यात घालवला.

ही पारख त्याला टीव्हीने दिलेली नाही. तो स्वतः तसा खेळायचा. आमच्या संघात माणसं अकरा आणि शर्ट नऊ, म्हणून हाफटाइमला दोघांनी अंगातले शर्ट काढून उरलेल्या दोघांना द्यायचे, अशी आमची पद्धत. म्हशाच्या माळावरच्या एका सामन्यात पहिल्या हाफमध्ये आठ नंबर त्याच्या अंगात होता. त्याने दोन गोल करून दिले. हाफटाइमला त्याने तो घामाने भिजलेला शर्ट मला दिला. खेळ संपल्यावर जिल्ह्याचा संघ निवडणारे साहेब वही उघडून म्हणाले, "आठ नंबर कोण?" मित्र पाणी प्यायला गेला होता. मी हात वर केला.

त्या हातावर मी जिल्ह्याच्या संघात गेलो आणि मला खेळाडूंसाठी राखीव जागेवर नोकरी लागली. तो शेतात राहिला. पन्नास वर्षं मी गप्प राहिलो.

परवा संध्याकाळी त्याच्या ओटीवर सगळं सांगितलं. तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "मंग तिथं पास तरी नीट दिलेस का?"

"मला उतरवलंच नाही. पूर्ण हंगाम बाकावर होतो."

त्याने मोबाइलचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "म्हंजे माझा शर्ट फुकट घालवलास रे."

मी उठू लागलो. त्याने माझं मनगट धरलं. मोबाइलवर त्याचा युक्रेनचा पोरगा, आता पस्तिशीचा, बाकावरून उठून बुटाच्या नाड्या बांधत होता.

"बस. शेवटची दहा मिनटं देतायत त्याला."

मी बसलो. मनगट त्याने सोडलं नाही.