वायसरमामाच्या पायातली नळी

गळका नळ दिसला की हा गडी आधी वायसर बदलायचा, मग दोरा गुंडाळायचा, आणि अगदीच गळ्याशी आलं तरच पाइपाला हात घालायचा. म्हणून सगळ्या वस्तीत तो वायसरमामा. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्या दुरुस्त केल्या, आणि शेवटी त्याच्याच पायाची रक्तवाहिनी तुंबली. डॉक्टरीणबाईंनी जांघेपासून गुडघ्यापर्यंत कृत्रिम नळी बसवली. पायात ऊब आली, मामा कामाला लागला.

तिसऱ्या महिन्यात जांघेतल्या टाक्यातून चिकट पाणी यायला लागलं. थेंब थेंब. मामानं मामीला पत्ता लागू दिला नाही. कापूस ठेवला आणि जोडावर दोरा आवळावा तशी पट्टी आवळली.

पंधरा दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, आणि तेव्हाच मामीला गादीखाली पिवळ्या पट्ट्यांचा बोळा सापडला.

"हे काय?"

"बारीक गळती आहे. बसेल आपोआप."

"तुमची अक्कल बसलीय आधी. उठा."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "नळीवर जंतू बसलेत. अंगावर बुळबुळीत थर पांघरलाय त्यांनी, औषध आत पोचत नाही. नळी काढायची, दुसऱ्या पायातली तुमचीच शीर तिथं जोडायची. वर सहा आठवडे सलाईनमधून औषध."

"नुसत्या औषधावर नाही भागणार?"

"थांबलात तर पाय जाईल. आणि जोड सुटला, तर रक्त आवरायला वेळही मिळणार नाही."

मामी म्हणाली, "वस्तीतल्या त्या मास्तरीणबाईंच्या पाइपात शेवाळ धरलं, तेव्हा काय सांगितलंत त्यांना?"

"ॲसिडनं वरवरचं जातं," मामा पुटपुटला. "पाइपच काढावा लागतो."

"मग तुमच्या पायाला काय वेगळा कायदा?"

मामानं ऑपरेशनच्या संमतीचा कागद ओढून सही केली.

सहा तास लागले. पायाची करंगळी आधीच काळी पडली होती, ती गेली, पाय राहिला. शुद्धीवर आल्या आल्या मामानं जुनी नळी बघायला मागितली. ती तपासणीला गेली म्हटल्यावर जरा रुसला.

पुढचे सहा आठवडे मामी रोज सकाळी त्याची पट्टी सोडवून खिडकीपाशी न्यायची, उलटीपालटी करून बराच वेळ बघायची. कोरडी निघाली तरच चहा. मामा कुरकुरला नाही. चहा तेवढा रोज निवलेला मिळायचा.