अक्काचा मुतखडा

माझा धाकटा भाऊ मुंबईला डॉक्टरी शिकून ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात लागला, तेव्हापासून रविवार मला नकोसा झाला. त्या दिवशी तो कल्याणला घरी यायचा आणि माझ्याच ओटीवर बसून माझेच रोगी त्याला जीभ काढून दाखवायचे. वडिलांच्या मागे त्यांची वैद्यकी मी चालवत होतो. भावाचा मला हेवा वाटे, आणि तोही साधासुधा नाही. त्याची पाठ वळली की नळीने छाती ऐकायची त्याची नक्कल करून मी बायकोला हसवत असे.

अक्का आमची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि आम्हा दोघांना तिनेच वाढवले. एका चैत्रात तिच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे बाईमाणसाची फक्त नाडी बघायची. सख्ख्या बहिणीच्याही पोटाला हात लावायचा नाही. मी नाडी बघितली, मुतखडा ठरवला आणि गोखरूचा काढा सुरू केला. "धाकट्याला यातलं काही सांगू नकोस," असेही तिला बजावले. रक्त मध्येच थांबे, मग मी खूश. पुन्हा जाऊ लागले की मी काढा आणखी आटवी.

दिवाळीला तो चार दिवस राहिला. अक्काची वाळलेली मनगटे बघून त्याने तिच्याकडून सगळे काढून घेतले, तिला सरळ आडवे व्हायला सांगितले आणि बरगडीखाली हात दाबला. मी दारातूनच ओरडलो, "अरे, लाज आहे की नाही काही?"

त्याने हात काढला नाही. "दादा, खडा असता तर कळा आल्या असत्या. हिला दुखत नाही आणि रक्त जातंय. ही मूत्रपिंडातली गाठ आहे, चांगली नारळाएवढी."

मग त्याने सांगितले, जर्मनीत एका डॉक्टराने एका बाईचे एक मूत्रपिंड काढून टाकले आणि ती उरलेल्यावर जगली. आता अशा गाठीही काढून बघतात. हे ऐकून मला आशा वाटायला हवी होती. मला वाटले ते एवढेच, की हे याला कसे ठाऊक आणि मला कसे नाही.

मुंबईला निघायच्या सकाळी मी अक्काची वळकटी बांधत होतो. ती हळूच म्हणाली, "गाठ मला आषाढातच हाताला लागली होती रे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मुतखडा म्हणाला होतास ना. त्याच्यापुढे तुझा शब्द खाली पडला असता."

मुंबईत भूल देऊन पोट उघडले. गाठ पार पाठीच्या कण्याकडे रुजली होती. गोऱ्या सर्जनने काहीच न काढता टाके घातले. अक्का त्यानंतर तीन आठवडे जगली.

चैत्रातच कळले असते तर, हे शब्द भावाने माझ्यापुढे एकदाही काढले नाहीत. उलट तेराव्याला आलेल्या माणसांना तो सांगत होता, "दादानं शेवटपर्यंत तिचं सगळं केलं." हा मोठेपणाही त्याच्याच वाट्याला आला. अक्काचे नाव निघाले की मला आजही आधी त्याचा हेवा वाटतो, आणि रडू त्यानंतर येते.