लाल गाडीचा रेडिएटर आणि चार इंजिनिअर

आमच्या ह्यांच्या रिटायरमेंटला आठवडा उरला होता. कारखान्याचं क्वार्टर सोडायचं होतं आणि गॅरेजात ती लाल स्पोर्ट्‌स कार उभी होती. दोनच माणसांची, बिनटपाची. कारखान्यात आलेल्या एका इंग्रज साहेबाने मायदेशी जाताना ती ह्यांच्या गळ्यात मारली होती. तीत मुलं कधी मावली नाहीत, भाजीची पिशवी मावली नाही, आणि रेडिएटर असा गळायचा की गॅरेजात पाय घसरायचा. शेवटी मी वैतागून सांगितलं, "अहो, शाहपुऱ्याच्या आपल्या नव्या फ्लॅटपर्यंत न थांबता आली तर येऊ दे. वाटेत थांबली की थेट भंगारवाल्याकडे." हे चक्क "बरं" म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी अशोका गार्डनमधला रेडिएटरवाला गाठला. जुना रेडिएटर उलटसुलट करून तो म्हणाला, "साब, अब इसमें टाँका मारने की जगह ही नहीं बची." बिचाऱ्याने मापाचा नवा बनवून दिला. तिथल्या तिथे बसवून घ्यावा की नाही? छे! ह्यांचे तीन मित्र, जन्मभर टर्बाइन जोडलेले इंजिनिअर, छाती काढून म्हणाले, "वहिनी, आम्ही असताना बाहेरचा माणूस कशाला?"

मग काय, माझ्या अंगणात कारखानाच सुरू झाला. एकाकडे जोडणी, एकाकडे नळ्या, एकाकडे तपासणी आणि हे सगळ्यांच्या डोक्यावर. तपासणीवाल्यांनी तर तक्ता आखला, सह्यांच्या रकान्यांसकट. चार बोल्ट काढायला तीन दिवस लागले, त्यातला निम्मा वेळ चहात. स्वयंपाकघरातलं सामान बांधून झालं तरी चहाचं पातेलं काही बांधता येईना. शेवटी एकदाचा रेडिएटर बसला. पाणी भरून दिवसभर ठेवलं, थेंब गळला नाही. चौघांनी सह्या ठोकल्या.

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक पुढे गेला आणि मागून आम्ही दोघं गाडीत. मित्रमंडळी स्कूटरवर पाठीमागे. कॉलनीच्या मेन गेटपाशी येतो न येतो तोच जळका वास आला, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. ह्यांनी बॉनेट उघडलं, थोड्या वेळाने फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ नाही, काही नाही. आत ठणठणीत कोरडं!

"पाणी कुणी काढलं?" हे ओरडले.

"मी," तपासणीवाले ताठ मानेने म्हणाले. "टेस्ट झाली की पाणी काढून, माल कोरडा करूनच पाठवायचा. नियम आहे."

"आणि परत कुणी भरलं?"

जोडणीवाल्यांनी नळ्यांवाल्यांकडे पाहिलं, नळ्यांवाल्यांनी आभाळाकडे. अहो, तक्त्यात पाणी भरायचा रकानाच नव्हता! मी पोट धरधरून हसले.

हसता हसता ह्यांच्याकडे लक्ष गेलं. ते झाकण हातात धरून उभे होते. हळूच म्हणाले, "थांबली. बोलाव तुझ्या भंगारवाल्याला." चिडून नाही, अगदी साधं म्हणाले. काल ह्यांचा कारखाना सुटला, आज घर सुटलं, आणि आता ही गाडी पण मीच सोडायला लावायची?

तेवढ्यात शेजारच्या वहिनी धावत आल्या. "काय हो, बंद पडली?"

"छे हो," मी म्हणाले. "मीच थांबवली. कॉलनी एकदा डोळे भरून बघावी म्हटलं."

थाप खरी वाटावी म्हणून मागे वळून पाहिलं, आणि मेलं खरंच रडू फुटलं. रस्ता, ते क्वार्टर, पोरांची शाळा, काही म्हणता काही दिसेना.

इंजिन गार होऊन पाणी भरेपर्यंत चांगला तासभर गेला. तेवढा वेळ मी रडत होते, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गाडी एकदम ठीक आहे. हिचं कॉलनी बघून व्हायचंय."